जुना कॅसिओ सिंथच्या फिल्टरमधून

अ‍ॅनालॉग सिंथेसायझरच्या पाठीवर किंवा पॅनलच्या कोपऱ्यात ‘एक्स्टर्नल इनपुट’, ‘एक्स्ट ऑडिओ’ नाहीतर नुसतं ‘ऑडिओ इन’ असं लिहिलेलं एक सॉकेट बऱ्याचदा असतं. बहुतेकांकडे ते सिंथ विकेपर्यंत रिकामंच राहतं. त्यात बाहेरचा आवाज सोडला की तो सिंथच्या स्वतःच्या ऑसिलेटरांच्या, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या भागांच्या, रांगेत जाऊन बसतो आणि पुढचा सगळा रस्ता, म्हणजे मिक्सर, फिल्टर (आवाजातला वरचा भाग कापणारा), एन्व्हलप (आवाज कसा चढेल-उतरेल ते ठरवणारा) आणि शेवटचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याला आयता मिळतो. मूग कंपनीच्या मिनीमूग सिंथवर ही सोय 1970 पासून होती. कॉर्गच्या एमएस-20 ने 1978 मध्ये बाहेरच्या आवाजासाठी पॅनलवर वेगळा विभागच दिला. आणि हा रस्ता सगळ्यांत जास्त कुणाला मानवत असेल, तर माळ्यावर पडलेल्या जुन्या कीबोर्डला.

कारण सरळ आहे. ऐंशीच्या दशकातल्या छोट्या कीबोर्डांचा स्वर मुळात चांगला असतो, पण त्याला हालचाल नसते. पट्टी दाबली की आवाज पूर्ण उघडा येतो, सोडली की संपतो. मधे तो उजळत नाही, झाकोळत नाही. सिंथचा फिल्टर त्याला नेमकं हेच देतो.

मी इंदूरला रामबागेत राहते आणि हौशी मराठी नाटकांना पार्श्वसंगीत देते. गणेशोत्सवातल्या एकांकिका, दिवाळी पहाट, अधूनमधून शाळांची स्नेहसंमेलनं, असं सगळं. माझा कीबोर्ड म्हणजे मामांनी आखातातून आणलेला कॅसिओ एसके-1. 1985 चं मॉडेल, 32 छोट्या पट्ट्या, एका वेळी चार सूर. यात आवाज रेकॉर्ड करून पट्ट्यांवर वाजवता येतो, फक्त तो 8 बिटचा, 9.38 किलोहर्ट्झचा आणि जेमतेम 1.4 सेकंदांचा असतो. सिंथ भाच्याचा. मिनीमूगच्या धर्तीवर बनवलेली, पट्ट्या नसलेली पेटी आहे. तो नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना म्हणाला, “मावशी, वापरत राहा, नाहीतर नॉब जाम होतील.” तेव्हा खाली जे लिहिते आहे ते या जोडीवरचं आहे. तुमच्याकडे यामाहाचा पीएसएस असो, कॅसिओचा एमटी असो की भारदस्त डीएक्स-7, पायऱ्या त्याच राहतात.

आधी वीज

जुना कीबोर्ड बऱ्याच वर्षांनी काढला असेल तर सेलचा कप्पा उघडून बघा. पांढरी-हिरवी पूड दिसली तर व्हिनेगरमध्ये किंचित ओलसर केलेल्या कापसाने पत्रे पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. एसके-1 ला पाच पेन्सिल सेल लागतात, म्हणजे साडेसात व्होल्ट. मी रेकॉर्डिंगला कायम सेलवरच चालवते. त्याचं कारण पुढे घरघरीच्या भागात येईल.

एलिमिनेटर वापरायचाच असेल तर सॉकेटशेजारी छापलेलं चिन्ह वाचल्याशिवाय लावू नका. जुन्या कॅसिओंना मधल्या टोकाला उणे लागतं, आणि आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरांच्या मधल्या टोकाला अधिक असतं. पीन बसते, म्हणून चालेल असं मुळीच नाही. शिवाय जुन्या पद्धतीचे ट्रान्सफॉर्मरवाले एलिमिनेटर भार नसताना लिहिलेल्यापेक्षा बरेच जास्त व्होल्ट देतात. मीटर लावून बघा, नाहीतर रेग्युलेटेड घ्या.

वायर आणि पिना

आमच्याकडे महाराणी रोडवर हे सगळं सामान मिळतं. तिथे ¼ इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरची मोठी पीन ‘पी-38’ म्हणून मागायची आणि 3.5 मिलिमीटरची छोटी ‘ईपी’ म्हणून. दुकानदार लगेच विचारतो, “मोनो के स्टीरियो?” आणि या एका प्रश्नात अर्धी गोष्ट आहे, म्हणून थोडं थांबते.

मोनो पिनेला दोन भाग असतात, टोक आणि अंग. स्टीरियो पिनेला तीन: टोक, मधली कडी, अंग. कीबोर्डला ‘लाइन आउट’ असेल तर ते बहुधा मोनो असतं, आणि मोनो-मोनो वायर टाकली की काम झालं. अडचण येते ती हेडफोनच्या सॉकेटवरून आवाज घेताना. स्टीरियो हेडफोनच्या सॉकेटमध्ये मोनो पीन खुपसली तर पिनेचं अंग उजव्या चॅनेलला थेट ग्राउंडशी जोडतं, आणि आतल्या हेडफोन अ‍ॅम्पवर तो शॉर्टसर्किटच. वाजेल, डावी बाजू ऐकूही येईल, पण जुन्या यंत्रावर हा भार टाकू नये. अशा वेळी एका टोकाला स्टीरियो आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वायर घ्या. डावी पीन सिंथला लावा, उजवी मोकळी ठेवा, फक्त ती कुठल्या धातूला टेकणार नाही असं बघा.

याच्या उलट एक गंमत आहे. कीबोर्ड मोनो आहे पण हेडफोनच्या टोकाला आणि कडीला तोच आवाज देतो, आणि तुम्ही स्टीरियो-स्टीरियो वायरने तो एखाद्या बॅलन्स्ड इनपुटला दिला. मग काहीच ऐकू येत नाही, किंवा येतं ते दूरच्या खोलीतून आल्यासारखं पातळ. बॅलन्स्ड इनपुट टोक आणि कडी यांच्यातला फरक घेतं, आणि दोन्हीकडे एकच आवाज असला की फरक शून्य. यंत्र बिघडलं म्हणून दुरुस्तीला नेण्याआधी वायर बदलून बघा.

आउटपुटच नसलेले खेळण्यातले कीबोर्ड असतात. त्यांच्या स्पीकरच्या दोन तारा तोडून थेट पीन जोडायची युक्ती लोक सांगतात, ती करू नका. काही यंत्रांत स्पीकरच्या दोन्ही तारांवर आवाज असतो, एकही तार ग्राउंड नसते, आणि त्यातली एक सिंथच्या ग्राउंडला जोडली की आतला अ‍ॅम्प जातो. सोल्डरिंग येत असेल तर आवाज व्हॉल्यूमच्या पॉटवरून (नॉबमागच्या भागावरून) घ्या. मधे 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 1 किलोओहमचा रेझिस्टन्स मालिकेत टाका, ग्राउंड पॉटच्या ग्राउंडवरून घ्या. आणि हे फक्त सेलवर चालणाऱ्या यंत्राला. घरच्या विजेवर थेट चालणारा कीबोर्ड उघडायचा तर जाणकाराकडे जा.

एक आउटपुट दोन ठिकाणी न्यायचं असेल तर ‘वाय’ वायर चालते. दोन आउटपुटं एका ‘वाय’ वायरने एकत्र करायची नाहीत, ती एकमेकांना खेचतात. त्यासाठी छोटा मिक्सर.

पातळी

आता मुख्य काम. या सगळ्या खटाटोपात आवाजाचा पोत ठरतो तो मुख्यतः इथे. लोक फिल्टरच्या नॉबवर तासन्‌तास घालवतात आणि आत येणारा आवाज किती जोरात येतोय ते एकदाही तपासत नाहीत. मग म्हणतात, अ‍ॅनालॉगमध्ये काही राम नाही.

थोडे आकडे. घरगुती यंत्राचा लाइन आउट सुमारे 0.3 व्होल्टचा असतो. स्टुडिओतल्या व्यावसायिक यंत्राचा सुमारे 1.2 व्होल्ट. युरोरॅक पद्धतीच्या मॉड्यूलर, म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडून बनवायच्या, सिंथच्या आत मात्र आवाज टोकापासून टोकापर्यंत 10 व्होल्टच्या आसपास फिरत असतो. म्हणजे कॅसिओचा लाइन आउट थेट मॉड्यूलरमध्ये सोडला तर तो आतल्या आवाजांपेक्षा सुमारे 20 डेसिबल खाली असतो, आणि शेजारच्या ऑसिलेटरपुढे कुजबुजल्यासारखा वाटतो. तिथे मधे पातळी वाढवणारा प्रीअ‍ॅम्प लागतो. स्वतःचा लेव्हल नॉब असलेल्या पेट्यांना, म्हणजे मिनीमूगच्या कुळातल्या, सहसा काही लागत नाही. हेडफोनचं आउटपुट वापरत असाल तर त्यात ताकद लाइनपेक्षा जास्त असते, म्हणून सुरुवात शून्यापासून करा.

माझा क्रम असा असतो. सिंथच्या मिक्सरमधले तिन्ही ऑसिलेटर आणि नॉइज बंद. फिल्टरचा कट-ऑफ (ज्याच्या वरचं फिल्टर कापतो ती हद्द) पूर्ण उघडा, एम्फसिस (त्या हद्दीजवळचा आवाज उठवणारा नॉब) शून्यावर, फिल्टरच्या एन्व्हलपची ‘अमाउंट’ शून्यावर. एक्स्टर्नल इनपुटचा नॉब शून्यावर. कॅसिओचा व्हॉल्यूम तीन-चतुर्थांश. कॅसिओ मुळातच थोडा सळसळतो. त्याचा आवाज कमी ठेवून सिंथकडून वाढवला तर ती सळसळही वाढते, म्हणून उगमाकडे जास्त आणि पुढे कमी. अगदी पूर्णही नको, कारण शेवटच्या टप्प्यात छोटे अ‍ॅम्प स्वतःच फाटायला लागतात आणि ते फाटणं गोड नसतं.

मग दोन्ही हातांनी चार सुरांचा सगळ्यांत भरगच्च कॉर्ड दाबा. एकट्या सुरावर पातळी लावू नका. चार सूर एकत्र आले की शिखरं खूप वर जातात, आणि एका सुरावर छान वाटलेलं सगळं कॉर्डवर चेंगरतं. कॉर्ड धरून इनपुटचा नॉब हळूहळू वाढवा. मिनीमूगच्या पद्धतीच्या पेटीवर ओव्हरलोडचा दिवा असतो. तो कॉर्डच्या सुरुवातीला जरासा लुकलुकला आणि लगेच विझला की तिथे थांबा. हा स्वच्छ आवाज.

आता तिथून पुढे जा. दिवा जवळजवळ लागलेलाच राहील इतकं वाढवा, आणि सिंथचा मास्टर व्हॉल्यूम त्या प्रमाणात कमी करा. एसके-1 ची बासरी, जी एरवी एकदम फिकट वाटते, ती इथे जाड होते, तिला काठ येतो. मिक्सर आणि फिल्टर दोन्ही थोडे थोडे दबतात आणि त्या दबण्यात नवे वरचे हार्मोनिक्स (उपस्वर) तयार होतात. कॉर्डला हे सोसत नाही, सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. म्हणून माझा नियम: एकसुरी ओळ असेल तर दिवा लागलेला, कॉर्ड असेल तर लुकलुकता. या दोन जागांवर मी इनपुटच्या नॉबशेजारी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत.

आवाज येतच नाही

वायर बरोबर, पातळी बरोबर, तरी शांतता. नव्वद टक्के लोक इथे अडकतात. कारण असं की सिंथच्या शेवटच्या अ‍ॅम्प्लिफायरला कुणी तरी उघडावं लागतं, आणि ते काम सिंथची पट्टी करते. बाहेरचा आवाज आत येऊन बंद दारापाशी उभा आहे, आणि कॅसिओची पट्टी दाबल्याचं सिंथला कळतच नाही.

सगळ्यांत सोपा उपाय: सिंथचा एक सूर धरून ठेवा. पट्ट्या असतील तर दोन पट्ट्यांच्या फटीत काड्यापेटीचा तुकडा खोचा, हार्मोनियमवाले सा धरायला करतात तसा. लाउडनेस एन्व्हलपचा सस्टेन, म्हणजे पट्टी धरल्यावर टिकणारी पातळी, पूर्ण. काही पेट्यांवर यासाठी स्विचच असतो. मूगच्या मदर-32 वर व्हीसीए (म्हणजे तोच शेवटचा अ‍ॅम्प्लिफायर) मोड ‘ऑन’ केला की दार कायम उघडं. त्याच पेटीवर बाहेरचा आवाज नॉइजच्या जागी बसतो, तेव्हा मिक्सचा नॉब त्या बाजूला फिरवावा लागतो, हे तिथल्या लोकांनी लक्षात ठेवा.

दार कायम उघडं ठेवण्यात तोटा एकच. तुम्ही वाजवत नसताना कॅसिओची सळसळ चालूच राहते. नाटकात शांत प्रसंग असेल तर ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते.

म्हणून दुसरा उपाय, दोन हातांचा. डावा हात सिंथच्या पट्टीवर (माझ्याकडे मिडीने, म्हणजे पट्टी दाबल्याचे निरोप नेणाऱ्या वायरीने, जोडलेला छोटा कीबोर्ड), उजवा कॅसिओवर. उजव्या हाताने कॉर्ड आधी दाबायचा आणि धरायचा, मग डाव्याने सिंथची कुठलीही एक पट्टी. आवाज डाव्या हाताने येतो, डाव्याने जातो. अ‍ॅटॅकचा नॉब, म्हणजे आवाज चढायला लागणारा वेळ, 600 मिलिसेकंदांच्या आसपास, डिके, म्हणजे विरायला लागणारा वेळ, लांब. चारही सुरांना फिल्टर एकच आणि एन्व्हलपही एकच, त्यामुळे सगळा कॉर्ड एकत्र उघडतो, एकत्र मिटतो. वेगवेगळ्या सुरांना वेगवेगळा आकार देणाऱ्या महागड्या पॉलिफोनिक सिंथपेक्षा मला हे एकगठ्ठा उघडणं जास्त आवडतं. त्यात हार्मोनियमचा भाता जाणवतो.

भाच्याने याला पायाचा पर्याय काढून दिला आहे आणि आता मी तोच वापरते. तीन पेन्सिल सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट. त्यांच्या अधिक टोकापासून 1 किलोओहमचा रेझिस्टन्स, मग दाबल्यावर जोडणारा पायाचा स्विच, तिथून सिंथच्या ‘गेट इन’ला, म्हणजे दार उघडण्याचा इशारा घेणाऱ्या सॉकेटला. उणे टोक ग्राउंडला. गेटच्या तारेपासून ग्राउंडला 100 किलोओहमचा रेझिस्टन्स, म्हणजे पाय काढल्यावर तार अधांतरी राहत नाही आणि दार नीट मिटतं. आधी पुस्तिकेत बघून घ्या की तुमच्या गेटला किती व्होल्ट लागतात. मूळ जुन्या मिनीमूगची पद्धत वेगळी आहे, तिथे ट्रिगरची तार ग्राउंडला टेकवली की दार उघडतं. तिथे व्होल्ट देऊ नका, नुसता स्विच लावा. दोन्ही हात मोकळे राहतात, एक कॅसिओवर आणि एक कट-ऑफवर. मला याहून चांगली मांडणी माहीत नाही.

कीबोर्ड 1983 नंतरचा असेल आणि त्याला मिडी आउट असेल (कॅसिओ सीझेड-101 ला आहे, एसके-1 ला नाही), तर हे सगळं टळतं. मिडीची वायर सिंथला द्या, ऑडिओची वायरही द्या. तुम्ही कीबोर्ड वाजवाल तसं सिंथचं दार आपोआप उघडेल. ऑसिलेटर मात्र बंद ठेवा, नाहीतर दोघं जोडीने वाजतील. एमएस-20 वाल्यांना आणखी एक वाट आहे: तिचा एक्स्टर्नल सिग्नल प्रोसेसर आत आलेल्या आवाजाच्या चढ-उतारावरून स्वतःच ट्रिगर आणि एन्व्हलप बनवून देतो. थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोराच्या आवाजाला ट्रिगर व्हायचं ती पातळी, नीट लावावा लागतो, एवढंच.

कुठला आवाज निवडायचा

एसके-1 मध्ये आठ तयार आवाज आहेत. त्यातला पियानो या कामाला निरुपयोगी. तो स्वतःच विरत जातो, आणि सिंथचा एन्व्हलप हळू उघडेपर्यंत आत काही उरलेलंच नसतं. टिकून राहणारे आवाज घ्या: ह्युमन व्हॉइस, पाइप ऑर्गन, बासरी, ब्रास. ऱ्हिदम बंद करा. तो त्याच वायरीतून येतो आणि फिल्टर त्यालाही गिळतो. (कधी तरी मुद्दाम ऱ्हिदमच फिल्टरमधून काढून बघा, पण तो वेगळा खेळ आहे.)

9.38 किलोहर्ट्झने घेतलेल्या आवाजात त्याच्या निम्म्यापेक्षा वरचं, म्हणजे 4.7 किलोहर्ट्झच्या पलीकडचं काही अस्सल नसतंच. त्याच्या वर जे ऐकू येतं ते कॅसिओची किणकिण आणि सळसळ. म्हणून कट-ऑफ पूर्ण उघडा ठेवून मिळत काही नाही. दर सप्तकाला 24 डेसिबलने कापणाऱ्या, मिनीमूगच्या पद्धतीच्या लॅडर फिल्टरमध्ये कट-ऑफ 1000 हर्ट्झला ठेवला तर 2000 ला आवाज साधारण 24 डेसिबलने उतरलेला असतो, इतका उतार तीव्र आहे. 3000 च्या आसपास आणला की किणकिण जाते आणि ‘ह्युमन व्हॉइस’ पहिल्यांदा माणसासारखा वाटायला लागतो. एम्फसिस वाढवाल तसा लॅडर फिल्टरचा खर्ज आणि एकूण जोर कमी होतो. मग इनपुट वाढवण्याचा मोह होतो. तो आवरा, शेवटचा व्हॉल्यूम वाढवा.

माझा एक नेहमीचा प्रयोग सांगते. परदेशीपुऱ्यातल्या गिरणीकामगाराच्या घरावरची एकांकिका होती, आणि दिग्दर्शकाला गिरणीचा भोंगा हवा होता. इथली हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली. तिथला भोंगा ऐकलेली माणसं अजून पहिल्या रांगेत येऊन बसतात, त्यांना इंटरनेटवरून उतरवलेला कुठलाही सायरन चालत नाही. मी पाइप ऑर्गन घेतला, सगळ्यांत खालच्या सप्तकात लागोपाठचे दोन सूर, एक पांढरी आणि तिला लागून असलेली काळी. दोन शेजारी सुरांचं घासणं म्हणजेच भोंग्याचा धसमुसळेपणा. इनपुट दिवा लागेपर्यंत. कट-ऑफ जवळपास बंद, एम्फसिस एक-तृतीयांश. पाय दाबला, आणि कट-ऑफ हाताने तीन-चार सेकंदांत अर्ध्यापर्यंत उघडला. वाफ भरतानाचा जो हुंकार असतो तो तिथे येतो. मग धरून ठेवायचं, आणि पाय सोडण्याआधी कट-ऑफ थोडा खाली, कारण खरा भोंगाही संपताना मंदावतो. फिल्टरचं हे काम एन्व्हलपवर सोपवता येतं, पण मग तो दर वेळी तंतोतंत तसाच वाजतो, आणि नटाचं वाक्य लांबलं तर त्याच्यासाठी थांबत नाही.

तानपुऱ्याचा प्रयोगही करून बघा. 1.4 सेकंदांत तानपुऱ्याची एक पूर्ण छेड मावत नाही, फक्त जोडीच्या तारांचा एक झंकार मावतो. तो एसके-1 च्या मायक्रोफोनवर घ्या आणि लूप करून दोन सुरांवर धरा. थेट ऐकाल तर कानाला खरखरीत, केविलवाणा. फिल्टरमधून 1500 हर्ट्झच्या खाली आणा आणि एम्फसिस इतका वाढवा की फिल्टर शिट्टी वाजवण्याच्या बेताला येईल. ती शिट्टी म्हणजे एक सूर आहे, आणि तो कट-ऑफच्या नॉबने लावता येतो. माझा सा काळी चार. कट-ऑफ 415 हर्ट्झपाशी आणला की शिट्टी बरोबर सा वर बसते. मग नॉब इकडेतिकडे हलवला की झंकारातला एकेक हार्मोनिक उजळत जातो, पंचम, वरचा सा, गंधार. फिल्टरचा कीबोर्ड ट्रॅकिंग स्विच यावेळी बंद ठेवा, नाहीतर डाव्या हाताने पट्टी बदलली की शिट्टीही जागेवरून हलेल.

हे करताना घाई करू नका. संथ ख्यालगायकीच्या अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून हे वेगळं सांगायला नको. झुमरा तालाच्या चौदा मात्रांच्या एका अतिविलंबित आवर्तनात नॉबचा एकच चढ आणि एकच उतार घेऊन बघा. एलएफओ (अगदी संथ फिरणारा ऑसिलेटर) लावून फिल्टर आपोआप वर-खाली करणारे बरेच आहेत. मला ते दोन मिनिटांत कंटाळवाणं होतं.

घरघर

सलग खालचा ‘घूं’ असा आवाज येत असेल तर तो विजेचा, आपल्याकडे 50 हर्ट्झचा, आणि त्याच्या 100, 150 च्या भावंडांचा. आधी कॅसिओ सेलवर घ्या. गेला तर दोष एलिमिनेटरचा किंवा ग्राउंड लूपचा (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा) होता, आणि बहुतेक वेळा तो इथेच संपतो. जुन्या वाड्यांत एका खोलीतल्या दोन सॉकेटांचं अर्थिंगसुद्धा सारखं नसतं, तेव्हा सिंथ, अ‍ॅम्प, मिक्सर सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरीही राहिला तर कीबोर्ड आणि सिंथ यांच्यामध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. साउंडवाल्याकडचा डीआय बॉक्सही चालतो, मात्र त्याचं आउटपुट माइकच्या पातळीचं असतं, म्हणून मधे प्रीअ‍ॅम्प धरावा लागतो. प्लगची अर्थची पीन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घरघर जाईल, पण शॉक लागण्याची सोय होईल.

घूं ऐवजी बारीक किणकिण असेल आणि ती कॅसिओवर आवाज बदलला की बदलत असेल, तर ती त्याच्या स्वतःच्या डिजिटल पोटातली आहे. तिच्यावर उपाय फिल्टरच.

रेकॉर्डिंग

‘वाय’ वायरने कॅसिओचा कोरा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर घेत जा. फिल्टरचा प्रसंग चुकला तर वाजवणं पुन्हा करावं लागत नाही. कोरा ट्रॅक ऑडिओ इंटरफेसमधून (कॉम्प्युटरला वाद्यं जोडणाऱ्या पेटीतून) बाहेर काढून परत सिंथमध्ये सोडायचा आणि फक्त नॉब फिरवायचे. इंटरफेसचं आउटपुट व्यावसायिक पातळीचं असेल तर ते कॅसिओपेक्षा जास्त जोरात येईल, तेव्हा इनपुटचा नॉब पुन्हा शून्यापासून. रेकॉर्ड करताना शिखरं -12 डेसिबलच्या आसपास ठेवा. 24 बिटला एवढी मोकळी जागा सोडली तरी काही बिघडत नाही, आणि एम्फसिस अचानक शिट्टीला लागला तर ट्रॅक फाटत नाही.

हेडफोन लावून एम्फसिस वाढवू नका. फिल्टर शिट्टीला लागला की आवाज एका क्षणात कितीतरी वाढतो.

या पेट्यांना मेमरी नसते. प्रयोग जमला की मोबाइलवर पॅनलचा फोटो, समोरून, सगळे नॉब दिसतील असा, आणि त्याच फोटोत कॅसिओचा व्हॉल्यूमही येऊ द्या, कारण विसरतो तो नेमका तोच. बंद करताना आधी स्पीकर किंवा अ‍ॅम्प, मग सिंथ, शेवटी कीबोर्ड. पुढचा कार्यक्रम महिनाभर लांब असेल तर पाचही सेल काढून ठेवा.